निशाणी ५ : निकालाच्या आधीचा निकाल



कळमनुरीच्या कोर्टाच्या आवारात चहा घेत दहा मिनिटं उभं राहिलं, की एक प्रश्न हमखास कानावर पडतो: ‘पाचचं काय झालं?’ नवख्या माणसाला वाटतं, पाच नंबरच्या खोलीची चौकशी चाललीय. पण विचारणारा बोलत असतो निशाणी ५ बद्दल. आपल्याकडच्या दिवाणी कोर्टात दाव्यातल्या प्रत्येक कागदाला निशाणी क्रमांक पडतो. दाव्याचा मूळ अर्ज निशाणी १, आणि तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज बहुतेक ठिकाणी निशाणी ५. हा क्रमांक इतका अंगवळणी पडलाय की वकील मंडळी त्या अर्जाचं नावच ‘पाच’ असं घेतात. गावात त्यालाच ‘स्टे’ म्हणतात. ‘त्यानं स्टे आणला’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

आजचा भाग या ‘पाच’च्या इतिहासाचा आहे. त्यातही धंद्याच्या भांडणातल्या ‘पाच’चा, कारण २०१८ पासून व्यापारी न्यायालयाचा कायदा आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराच्या उंबऱ्यापर्यंत आलाय.

आधी अडचण नीट समजून घेऊ. दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालतो. साक्षी व्हायच्या, उलटतपासणी व्हायची, मग युक्तिवाद, मग निकाल. तोवर ज्या गोष्टीसाठी भांडण आहे ती शिल्लक राहिली पाहिजे ना? राहिली नाही, तर जिंकून हातात येणार काय? म्हणून कोर्टाला मधेच कुणाला तरी ‘थांब’ म्हणावं लागतं. गोम अशी की हे ‘थांब’ म्हणायचं तेव्हा खरं कोण बोलतंय हे कोर्टाला कळलेलं नसतं. पुरावा न बघता हुकूम द्यायचा, आणि तरी अन्याय होऊ द्यायचा नाही. या विषयाचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

ही अडचण इंग्रजांच्या आधीपासूनची आहे. मराठेशाहीत ‘द्वाही’ नावाचा प्रकार होता. राजाच्या नावानं एखादं काम करायला मनाई करायची, ती द्वाही. ती मोडली तर गुन्हा समोरच्या माणसापुरता राहत नसे, तो थेट सरकारचा होई. ‘द्वाही फिरवणे’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत अजून आहे, अर्थ मात्र नुसती दवंडी पिटण्यापर्यंत झिजलाय. वतनाच्या तंट्यात दुसरी रीत होती. निवाडा होईपर्यंत वतन सरकारात ‘अमानत’ ठेवायचं. म्हणजे याच्याही हातात नाही आणि त्याच्याही नाही. आज कोर्ट ‘जैसे थे’ असा हुकूम देतं किंवा रिसीव्हर नेमतं, त्यामागचा विचार या अमानतीच्या फार जवळचा आहे.

आमचा हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कळमनुरी तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. निजामाच्या कोर्टांची भाषा उर्दू. त्या भाषेत या हुकुमाला म्हणतात ‘हुक्म-ए-इम्तिनाई’. आता गंमत बघा, ‘इम्तिनाई’ आणि आपली ‘मनाई’ ही दोन्ही एकाच अरबी धातूची लेकरं. म्हणजे हैदराबादच्या मुन्सिफाच्या दप्तरातला शब्द आणि पुण्यातल्या वकिलाच्या अर्जातला शब्द हे सख्खे भाऊ निघाले.

आज आपण जो दिवाणी प्रक्रिया संहितेचा कायदा वापरतो तो १९०८ चा. पण मराठवाड्याला तो लागू झाला १ एप्रिल १९५१ पासून. त्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आमचं हायकोर्ट हैदराबादहून मुंबईला गेलं. मनाई हुकुमात एकेक दिवस मोलाचा असतो. तेव्हा कळमनुरीच्या माणसाला अपिलासाठी पाचशेहून जास्त किलोमीटर जायचं म्हणजे काय, याचा विचार करा. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, खंडपीठ सुरू झालं ते २७ ऑगस्ट १९८१ ला.

आता १९०८ च्या त्या कायद्यात ही कल्पना कुठून आली? इंग्लंडातून. तिथल्या जुन्या साध्या कोर्टांची रीत अशी की नुकसान झाल्यावर या, पैसे घेऊन जा. होणारं नुकसान आधीच अडवायचं असेल तर चॅन्सलरच्या कोर्टात जावं लागे. चॅन्सलर माणसाच्या सदसद्विवेकावर बोट ठेवून हुकूम द्यायचा आणि मोडला तर तुरुंगात टाकायचा. साध्या कोर्टांच्या न्यायाधीशांना हे खुपायचं. १६१६ मध्ये भांडण राजा पहिल्या जेम्सपर्यंत गेलं आणि राजानं चॅन्सलरची बाजू घेतली. मुंबई बेटावर १८२४ ला सुप्रीम कोर्ट सुरू झालं, तेव्हा त्याला चॅन्सलरचे हे अधिकारही मिळाले. इंग्रजी मुलखातल्या बाकीच्या जिल्ह्यांच्या कोर्टांसाठी १८५९ च्या पहिल्या दिवाणी प्रक्रिया कायद्यात मनाई हुकुमाची तरतूद झाली. तीच घोटत घोटत १९०८ च्या कायद्यात ऑर्डर ३९ म्हणून आली.

ऑर्डर ३९ चे पहिले दोन नियम महत्त्वाचे. नियम १ मालमत्तेचा: दाव्यातली वस्तू कुणी विकतोय, नासवतोय, तर थांबवा. नियम २ कराराचा आणि इतर नुकसानीचा: कुणी करार मोडतोय किंवा मोडणार आहे, तर थांबवा. शेतकऱ्याचं काम बहुधा नियम १ वर चालतं, व्यापाऱ्याचं नियम २ वर.

प्रत्यक्ष सुनावणी कशी होते? एक उदाहरण घेऊ. उदाहरण माझ्या मनातलं आहे, माणसं खरी नाहीत. समजा कळमनुरीत एकाची हळदीची गिरणी आहे. पंधरा वर्षं तो एका नावानं पिवळ्या-लाल पुड्यांत हळद विकतो. त्याचा जुना वितरक वेगळा होतो, कर्ज काढून माल भरतो, आणि मार्चमध्ये जवळपास तसंच नाव, तसाच रंग घेऊन बाजारात उतरतो. आपल्याकडे हळद काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन बाजारात येते ती याच दिवसांत. गिरणीवाला दावा लावतो आणि सोबत मनाईचा अर्ज देतो.

पहिला प्रश्न: समोरच्याला न कळवता आजच्या आज हुकूम द्यायचा का? कायद्याचा मूळ नियम आहे, आधी नोटीस. नोटिशीत वेळ गेल्यानं हुकुमाचा हेतूच बुडणार असेल, तरच एकतर्फी हुकूम. आणि १९७६ च्या दुरुस्तीपासून त्याला दोन अटी जोडल्या आहेत. एक, नोटीस न देता हुकूम का दिला याची कारणं न्यायाधीशानं लिहून ठेवायची. दोन, अर्जदारानं दावा, शपथपत्र, कागदपत्रं समोरच्याला लगेच पाठवायची आणि पाठवल्याचं शपथपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी द्यायचं. शिवाय असा अर्ज तीस दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करायचा. नाही जमलं तर का नाही, तेही लिहायचं.

मग वितरक हजर होतो, आपलं म्हणणं देतो. वकिलांच्या भाषेत ‘से’ दाखल करतो. इथे साक्षीदार सहसा पिंजऱ्यात उभा राहत नाही, उलटतपासणी होत नाही. शपथपत्रं, बिलं, पुड्यांचे नमुने, जीएसटीचे कागद, जुना करार, एवढ्यावर युक्तिवाद. न्यायाधीश तीन गोष्टी तपासतात. प्रथमदर्शनी अर्जदाराच्या बाजूला दम आहे का? हुकूम न दिल्यास होणारं नुकसान पुढे पैशानं भरून निघेल का? आणि हुकूम दिल्यास कुणाला जास्त त्रास, न दिल्यास कुणाला? सुप्रीम कोर्टानं १९९१ च्या दलपतकुमार विरुद्ध प्रल्हाद सिंग या निकालात या तिन्ही कसोट्या नीट मांडून दिल्या. नुसता पहिला मुद्दा जिंकून भागत नाही.

आमच्या उदाहरणात बघा. गिरणीवाला म्हणणार, गिऱ्हाईक फसलं, माझं नाव खराब झालं, ते पैशानं कसं भरून निघेल? वितरक म्हणणार, मी कर्ज काढून माल भरलाय, हंगाम दोन-तीन महिन्यांचा. आज थांबवलं आणि आठ वर्षांनी मी जिंकलो, तर ते जिंकणं मला काय कामाचं? दोघांचंही म्हणणं खोटं नाही. कुणाचं तरी नुकसान होणारच आहे, आणि कुणाचं होऊ द्यायचं हे पुरावा यायच्या आधी ठरवायचंय. म्हणून शहाणं कोर्ट पुष्कळदा मधला मार्ग काढतं: पुडीचा रंग बदल, विक्रीचा हिशेब ठेव, तारण भर. ऑर्डर ३९ च्या नियम २ मध्येच कोर्टाला अशा अटी घालण्याचा अधिकार दिलाय.

आता खरा खटला. थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही पारलेची पेयं तुम्हाला आठवत असतील. १९७७ ला देश सोडून गेलेली कोका कोला १९९३ ला परत आली आणि तिनं पारलेचे हे ब्रँड विकत घेतले. गुजरातेत ही पेयं बाटल्यांत भरायची गुजरात बॉटलिंग ही कंपनी. अहमदाबाद आणि राजकोटला तिचे कारखाने. तिनं कोका कोलाशी करार केला, त्यात एक कलम होतं: करार चालू असेपर्यंत दुसऱ्या कुणाची पेयं भरायची नाहीत. करार संपवायचा तर एक वर्षाची नोटीस द्यायची. जानेवारी १९९५ मध्ये या कंपनीचे शेअर पेप्सीच्या बाजूकडे गेले, आणि वर्षभर न थांबता तीन महिन्यांच्या नोटिशीवर करार संपवायची भाषा सुरू झाली. कोका कोला मुंबई हायकोर्टात आली.

इथे ‘पाच’चं सगळं मर्म दिसतं. भांडण कशाचं? नोटिशीच्या एका वर्षाचं. दावा नेहमीच्या गतीनं चालला असता तर निकालाच्या आत ते वर्ष कधीच संपून गेलं असतं. म्हणजे तात्पुरता हुकूम मिळाला तर कोका कोला जिंकली, नाही मिळाला तर हरली. पुढचा निकाल नावापुरता. हायकोर्टानं २५ जानेवारी १९९६ पर्यंत त्या दोन कारखान्यांत दुसऱ्याची पेयं भरायला मनाई केली. ऑगस्ट १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली.

त्या निकालातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. कंपनीचं म्हणणं होतं, असं कलम म्हणजे धंद्यावर बंदी, आणि करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे ती रद्दबातल. कोर्ट म्हणालं, करार चालू असेपर्यंतचं बंधन हे धंदा वाढवण्यासाठी असतं, त्याला बंदी म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट वागणुकीची. मनाई हुकूम हा सदसद्विवेकाचा अधिकार असल्यानं, तो मागणाऱ्याचे आणि तो उठवा म्हणणाऱ्याचेही हात स्वच्छ आहेत का, हे कोर्ट बघतं. ज्यानं स्वतः करार धाब्यावर बसवला, त्यानं येऊन ‘माझं नुकसान होतंय’ म्हणणं कोर्टाला पटलं नाही. चॅन्सलरची सावली इथंही आहे बघा.

हुकूम इतका ताकदवान म्हटल्यावर त्याचा गैरवापर होणारच. आणि हा भाग खास आपल्या महाराष्ट्राचा. सरकारवर दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मुंबईच्या सिटी सिव्हिल कोर्टात एक युक्ती रूढ झाली: नोटीस न देताच दावा लावायचा, तात्पुरता हुकूम मिळवायचा, तो काही महिने वापरायचा, आणि मुद्दा अंगाशी आला की दावा काढून घ्यायचा. काम तर तेवढ्यात झालेलं असायचं. यावर विधिमंडळानं १९७० मध्ये संहितेत कलम ९अ घातलं. केंद्राच्या १९७६ च्या दुरुस्तीत ते वाहून गेलं, म्हणून १९७७ मध्ये पुन्हा घातलं. कलम सांगायचं: मनाईच्या अर्जावेळी कुणी ‘या कोर्टाला अधिकारच नाही’ असा आक्षेप घेतला, तर तो आधी निकाली काढा, मग अर्जाकडे वळा.

हेतू चांगला होता, पण प्रतिवादींना आयता दगड मिळाला. अधिकाराचा आक्षेप घेतला की मनाईचा अर्ज बाजूला. त्या एका मुद्द्यावर पुरावे, साक्षी, अपील, वर्षंच्या वर्षं. त्याच कलमात तोवर तात्पुरतं संरक्षण द्यायची सोयही होती, म्हणून काही वादी त्या तात्पुरत्या संरक्षणावरच वर्षानुवर्षं बसून राहू शकत. दाव्याची मुदत संपली असा आक्षेपही यात येतो का, यावर सुप्रीम कोर्टानं २०१५ ला ‘येतो’ म्हटलं आणि २०१९ मध्ये नुस्ली वाडिया खटल्यात मोठ्या पीठानं ‘नाही’ म्हटलं. तोवर, २०१८ मध्येच, महाराष्ट्रानं हे कलम काढून टाकलं होतं. हुकुमाचा गैरवापर थांबवायला केलेला उपाय अठ्ठेचाळीस वर्षांनी स्वतःच गैरवापराचं साधन म्हणून गेला.

आता आजच्या काळात येऊ. केंद्रानं २०१५ मध्ये व्यापारी न्यायालयांचा कायदा केला. तेव्हा तो एक कोटी आणि त्यापुढच्या दाव्यांसाठी होता. कळमनुरीला त्याचं देणंघेणं नव्हतं. मे २०१८ पासून ही मर्यादा तीन लाखांवर आली. हळदीचे दोन-चार सौदे फिसकटले तरी तीन लाख होतात. व्यापाऱ्यांमधले व्यवहार, भागीदारी, वितरणाचे करार, ट्रेडमार्क, धंद्यासाठीच वापरली जाणारी जागा, ही भांडणं त्यात येतात. बांधावरचं भांडण येत नाही, ते नेहमीच्या दिवाणी कोर्टातच.

या कायद्यानं ‘पाच’ला नवं वळण दिलं. कलम १२अ म्हणतं, दाव्याआधी मध्यस्थीनं मिटवायचा प्रयत्न करा. सूट एकालाच: ज्याला तातडीचा अंतरिम दिलासा हवाय. २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ही मध्यस्थी सक्तीची आहे. टाळून आलात तर दावा फेटाळला जाईल. मग काय होणार? मध्यस्थी टाळायची म्हणून तातडी नसताना मनाईचा अर्ज जोडण्याचा मोह. २०२३ मध्ये यामिनी मनोहर खटल्यात कोर्टानं त्यालाही चाप लावला: तातडीचं नुसतं सोंग चालणार नाही, दावा आणि कागद एकत्र वाचून ती खरोखर दिसली पाहिजे. सिटी सिव्हिल कोर्टातली ती जुनी युक्ती आणि ही नवी, दोन्ही एकाच घरच्या.

आणखी एक. या अर्जावर पहिल्या न्यायाधीशानं जे ठरवलं ते वरच्या कोर्टात सहज बदलत नाही. कॅल्शियमच्या गोळ्यांच्या नावावरून झालेल्या वॉन्डर विरुद्ध अँटॉक्स खटल्यात, १९९० मध्ये, सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय: खालच्या कोर्टानं विवेक मनमानीनं वापरला किंवा कायद्याची ठरलेली तत्त्वं सोडली, तरच हात घाला. ‘आम्ही असतो तर वेगळं ठरवलं असतं’ एवढ्यावर हुकूम फिरवायचा नाही. म्हणजे जी काही तयारी करायची ती पहिल्या तारखेला. आठवड्यानं सापडलेलं बिल तितकंसं कामाला येत नाही.

आता मला खटकणारी गोष्ट सांगतो. चुकीच्या हुकुमाची किंमत कोण देतो? संहितेच्या कलम ९५ मध्ये सोय आहे: पुरेसं कारण नसताना मनाई घेतली असेल तर समोरच्याला भरपाई. १९०८ मध्ये त्याची कमाल मर्यादा एक हजार रुपये होती. आज ती पन्नास हजार आहे. आमच्या उदाहरणातल्या वितरकाचा एक हंगाम पन्नास हजारांत येतो का? कलम ९५ सोडून नुकसानीचा वेगळा दावा लावता येतो, पण तो आणखी एक दावा, आणखी काही वर्षं. हुकूम मोडणाऱ्याला मात्र मालमत्ता जप्तीपासून तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेची शिक्षा आहे. मोडणाऱ्यावर कायदा कडक आणि विनाकारण मागणाऱ्यावर मऊ, हे मला बरोबर वाटत नाही. कोर्टांनी हुकूम देतानाच अर्जदाराकडून पुरेशी हमी घेण्याची सवय वाढवली, तर कायदा न बदलताही यातलं बरंच सुधारेल. अधिकार त्यांच्या हातात आहेच.

तोवर धंदेवाल्यांनी दोन गोष्टी कराव्यात. भागीदार किंवा वितरक वेगळा होताना तोंडी ठरलेलं कागदावर आणा, कारण शपथपत्रांच्या लढाईत कागदच बोलतो. आणि समोरचा कोर्टात जाणार अशी कुणकुण लागली, तर कॅव्हेट दाखल करा. कलम १४८अ, तेही १९७६ च्या दुरुस्तीतलं. ते नव्वद दिवस टिकतं आणि तेवढ्या काळात तुम्हाला कळवल्याशिवाय सुनावणी होऊ नये याची सोय करतं. हंगाम ऐन भरात असताना बेलीफ दारात हुकूम घेऊन उभा राहण्यापेक्षा हा खर्च फार थोडा.

तुमच्या भागात ‘स्टे’ला, मनाईला जुना वेगळा शब्द असेल, कुणाच्या घरी निजामाच्या काळातला उर्दू हुकूम पेटीत असेल, तर जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.